लोणी येईना, तेव्हा

डेअरीत लोणी येईना. घोडा गोल गोल फिरतो आहे, पिंप फिरते आहे, आतून सायीचा नुसता छपछप आवाज. पण लोणी काही धरत नाही. घोडासुद्धा दर फेरीला खिडकीशी आला की हताशपणे आत डोकावून पाहतो. मालक म्हणतो, आता त्या जाणत्या मांत्रिकाकडे जावे लागणार. विश्वास नाही माझा, पन्नासदा सांगितले आहे, पण जावे लागणार. मालकीणबाई चाचरत वेगळेच निदान करतात: घरात कोणीतरी प्रेमात पडले असेल.

हा प्रसंग थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' (१८९१) या कादंबरीतला. गंमत म्हणजे बाईंचे निदान बरोबर आहे. त्या घरात तेव्हा एक नव्हे, चार गवळणी एकाच तरुणावर जीव टाकून बसलेल्या असतात. पिंप पुढे मुकाट्याने लोणी देते. पण तोवर मालकाने जुनी गोष्ट म्हणून एका फसवलेल्या पोरीची हकीकत सांगितलेली असते. सगळे हसतात, आणि त्या गवळणींतली एक, कादंबरीची नायिका टेस, पांढरीफटक पडते, कारण ती हकीकत तिचीही असते.

इंग्रजी ग्रामीण कादंबरीतल्या अंधश्रद्धेकडे आपण बहुधा सजावट म्हणून पाहतो. बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांनी परीक्षेत 'स्थानिक रंग' असे लिहून दोन गुण मिळवले असतील. पण हा रंग वरून दिलेला नाही. या गावांत प्रेमाबद्दल उघड बोलायची सोय नव्हती, आणि जमिनीवर, जनावरांवर, पावसावर माणसाची सत्ता नव्हती. दोन्हींबद्दल बोलायला एकच भाषा हाताशी होती: शकुनाची.

कायद्याने ती भाषा कधीच मोडीत काढली होती. १७३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये चेटूक हा गुन्हा उरला नाही. चेटूक येते असे भासवणे हा गुन्हा ठरला. गावांना हे पटले नाही. १७५१ मध्ये हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग येथे रूथ ऑस्बर्न या म्हातारीला चेटकीण समजून जमावाने पाण्यात बुडवून मारले, आणि त्याबद्दल एकाला फाशी झाली. पुढे शंभर वर्षे गावोगावचे जाणते टिकून होते. चोर सांगणे, गुरांचा रोग उतरवणे, हवामान वर्तवणे ही त्यांची कामे. हार्डीच्या डॉर्सेट परगण्यात त्यांना 'कॉन्ज्युरर' म्हणत. हार्डीच्या कथा-कादंबऱ्यांतले ट्रेंडल आणि फॉल हे त्याच जातकुळीतले.

हार्डीचा जन्म २ जून १८४० चा, डॉर्सेटमधल्या हायर बॉकहॅम्प्टनचा. वडील गवंडी आणि बांधकामाचे ठेकेदार, चर्चमध्ये फिडल वाजवणारे. आई जेमायमा लग्नापूर्वी घरकाम करायची. गावच्या गोष्टींचा साठा तिच्याकडे. १८४७ मध्ये डॉर्चेस्टरला आगगाडी आली. तोंडोतोंडी चालत आलेली जुनी गाणी लंडनच्या विनोदी गाण्यांनी एका फटक्यात मारली, अशी खंत त्याने पुढे नोंदवली आहे. म्हणजे तो अशा पिढीचा, जिने दोन्ही जगे पाहिली. सोळाव्या वर्षी डॉर्चेस्टरच्या तुरुंगाबाहेर मार्था ब्राउन या बाईला दिलेली जाहीर फाशीही त्याने पाहिली होती. 'द विदर्ड आर्म' (१८८८) या कथेत नवऱ्याचे मन परत मिळावे म्हणून एक तरुणी आपला वाळलेला हात फाशी गेलेल्याच्या मानेला लावायला जाते. असा स्पर्श घेण्याची चाल इंग्लंडमध्ये खरोखरच होती.

'द रिटर्न ऑफ द नेटिव्ह' १८७८ मध्ये आली. लंडनमध्ये लोककथा आणि लोकसमजुती गोळा करणारी फोकलोर सोसायटी स्थापन झाली तीही त्याच वर्षी. हा योगायोग असेल, पण बोलका आहे. एखादी गोष्ट संग्रहालयात न्यायची वेळ आली की समजावे, ती अंगणातून निघाली. हार्डीने ही कथा मुद्दाम १८४० ते १८५० या काळात, आगगाडीच्या उंबरठ्यावर नेऊन ठेवली. तिच्यातला एग्डनचा माळ फर्झच्या काटेरी झुडपांनी भरलेला, कोणाच्या सुखदुःखाशी देणेघेणे नसलेला. त्यावर मेंढ्यांवर खूण करायचा गेरू विकत हिंडणारा, स्वतःही नखशिखांत लाल झालेला माणूस. आणि पॅरिसची स्वप्ने पाहणारी युस्टेशिया. पॅरिसहून परतलेल्या क्लिमला पाहता यावे म्हणून ती नाताळातल्या लोकनाट्यात पुरुषाचा वेष घेऊन शिरते.

शेजारीण सुसन नन्सच तिला चेटकीण समजते. आपल्या पोरांवर हिनेच चेटूक केले, ही तिची खात्री. आधी ती चर्चमध्ये तिला सुई टोचते. शेवटी मेणाची बाहुली करून, टाचण्या खुपसून चुलीत वितळवते, प्रार्थना उलटी म्हणत. त्याच वादळी रात्री युस्टेशिया बंधाऱ्याच्या पाण्यात बुडते. बाहुलीमुळे? हार्डी सांगत नाही. करणी, मूठ, दृष्ट हे शब्द ज्यांना समजावून द्यावे लागत नाहीत, त्या मराठी वाचकाला हे पान जरा जास्तच ओळखीचे वाटते.

माझ्या मते या सगळ्याचा गाभा मात्र 'द वुडलँडर्स' (१८८७) मध्ये आहे, आणि ती तुलनेने कमी वाचली जाते. म्हातारा जॉन साउथ अंथरुणाला खिळलेला. दारासमोर त्याच्याच वयाचे एल्मचे झाड. ते आपल्यावर कोसळून आपला जीव घेणार, या भीतीने तो झुरतो आहे. गावातला तरुण जाइल्स विंटरबोर्न झाडावर चढून फांद्या छाटतो, म्हणजे म्हाताऱ्याला धीर येईल. धुके दाटलेले; खालून त्याचे जिच्यावर प्रेम आहे ती ग्रेस येते आणि आपले लग्न होणे नाही असे त्याला सांगून जाते, आणि तो वरच बसून राहतो. मग नवा शिकलेला डॉक्टर शास्त्रीय तोडगा काढतो: झाडच तोडा. झाड तोडतात. सकाळी म्हातारा खिडकीतून रिकामे आकाश पाहतो आणि त्याच दिवशी मरतो.

इथे कथा संपत नाही. खरा व्यवहार इथून सुरू होतो. त्या भागात घरे 'हयातीच्या' करारावर असत. करारात नाव असलेल्या माणसांपैकी शेवटचा जिवंत आहे तोवर घर तुमचे, तो गेला की जमीनदाराचे. जाइल्सची घरे साउथच्या श्वासावर उभी होती. म्हातारा गेला, घरे गेली, आणि घरे गेल्यावर ग्रेसच्या बापाकडे तिचा हात मागायची सोयही गेली. एक झाड, एक भ्रम, एक जमिनीचा करार आणि एक मोडलेले प्रेम असे एका दोरीत ओवलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. हार्डीच्या वडिलांचे घरही हयातीच्याच करारावरचे होते. हा कायदा त्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

ही वाट हार्डीने पाडली असे मात्र नाही. एमिली ब्राँटीच्या 'वुदरिंग हाइट्स' (१८४७) मध्ये भ्रमात असलेली कॅथरीन उशीतली पिसे उपसते आणि म्हणते, यात कबुतराची पिसे आहेत, म्हणून मला मरण येत नाही. अशा उशीवर जीव सुटत नाही, ही यॉर्कशरची समजूत. जॉर्ज एलियटच्या 'सायलस मार्नर' (१८६१) मधला विणकर एका आजारी बाईला झाडपाल्याचे औषध देतो आणि त्या उपकारामुळेच गावाच्या संशयाला कारण होतो.

हार्डीनंतर हा वारसा श्रॉपशरच्या मेरी वेबकडे गेला. तिच्या 'प्रेशस बेन' (१९२४) ची नायिका प्रू फाटक्या ओठाची. गरोदर आईला ससा आडवा गेला म्हणून असे झाले, अशी तिथली समजूत. आपल्याकडे तो दोष ग्रहणाला देतात. गावाच्या लेखी प्रू चेटकीण ठरते, आणि तिला पाण्यात बुडवायची तयारी होते तेव्हा एक विणकर तिला घोड्यावर उचलून घेतो. लेखिका १९२७ मध्ये वारली. पुढच्या वर्षी पंतप्रधान बाल्डविन यांनी एका भाषणात तिची स्तुती केली आणि पुस्तके धडाधड खपू लागली. १९३२ मध्ये स्टेला गिबन्सने 'कोल्ड कम्फर्ट फार्म' मधून या प्रकाराची अशी टर उडवली की त्यानंतर गंभीर चेहऱ्याने असे लिहिणे अवघडच झाले.

हार्डी ११ जानेवारी १९२८ रोजी गेला. राष्ट्राला तो लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, थोरांच्या कबरींत हवा होता, त्याला स्वतःला मात्र स्टिन्सफर्डच्या चर्चच्या आवारात आपल्या माणसांत निजायचे होते. तडजोड अशी झाली की अस्थी ॲबीत आणि हृदय काढून स्टिन्सफर्डला, पहिल्या बायकोच्या कबरीत. मग गावात कुजबुज सुरू झाली: हृदय बिस्किटांच्या डब्यात ठेवले होते, मांजराने ते खाल्ले, आणि पुरले ते भलतेच काहीतरी. कोणी सांगतो, मांजरालाच मारून त्याच्या जागी पुरले. डॉर्सेटमध्ये ही गोष्ट अजून सांगतात.