समाजमाध्यमांवर विश्वास कसा मिळतो आणि फॉलोअर कसे वाढतात : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणारे दुकानदार, कारागीर आणि घरगुती उद्योजक पहिल्या भेटीत बहुधा एकच प्रश्न विचारतात : दहा हजार फॉलोअर किती दिवसांत होतील आणि त्याचे किती पैसे पडतील? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण समोरच्या दुकानाच्या खात्यावर तेवढा आकडा त्यांना रोज दिसत असतो. तरीही या प्रश्नाचे उत्तर आम्ही तारीख आणि दर सांगून देत नाही. छोट्या व्यवसायाच्या बाबतीत गिऱ्हाइकाची आधी खात्री पटावी लागते आणि संख्या तिच्या मागून येते, असे आमचे मत आहे. हा क्रम उलटा केला, तर पैसे खर्च होऊनही गल्ल्यात फरक पडत नाही. आम्ही असे का म्हणतो आणि तुमचे काम हाती घेतल्यावर नेमके काय करतो, हे करारावर सही करण्यापूर्वी तुम्हाला ठाऊक असावे, म्हणून हे पत्रक लिहिले आहे.

विकत मिळणारे फॉलोअर

फॉलोअर विकत मिळतात, हे खरे आहे. तसे संदेश तुमच्याही इनबॉक्समध्ये येत असतील. मात्र विकली जाणारी ही खाती बहुतांशी संगणकाने आपोआप तयार केलेली किंवा दुसऱ्याचे नाव व छायाचित्र चोरून उघडलेली असतात. देवुमी या अमेरिकी कंपनीचा असा व्यापार न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०१८ मध्ये उघडकीस आणला आणि पुढच्या वर्षी फेडरल ट्रेड कमिशन या तेथील ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने त्या कंपनीवर कारवाई केली. आपल्याकडे जुलै २०२० मध्ये एका गायिकेच्या नावाने उघडलेल्या बनावट खात्याच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी तपास सुरू केला, तो बनावट फॉलोअर आणि लाइक विकणाऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचला. त्यामुळे हा व्यवहार फक्त ‘थोडी चलाखी’ आहे असे कोणी समजू नये.

कंपन्या स्वतःही अशी खाती अधूनमधून झाडून काढतात. डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने असा हात फिरवला तेव्हा त्याच्या स्वतःच्या अधिकृत खात्याचे जवळपास १ कोटी ८९ लाख फॉलोअर एका फटक्यात कमी झाले होते. विकत घेतलेला आकडा कधी नाहीसा होईल याचा नेम नसतो आणि तो नाहीसा झाल्यावर परतावा मागायला जागा उरत नाही.

याहून मोठे नुकसान दिसत नाही, म्हणून ते समजावून सांगणे आवश्यक वाटते. तुमची पोस्ट एकाच वेळी सगळ्यांना दाखवली जात नाही. आधी ती काही जणांसमोर येते, त्यांनी थांबून पाहिली, आवडल्याचे कळवले किंवा कुणाला पाठवली, तर ती आणखी लोकांपर्यंत जाते. ज्या खात्यांच्या मागे माणूसच नाही, ती यांपैकी काहीही करत नाहीत. परिणामी तुमची पोस्ट रटाळ ठरते आणि ज्या चारशे खऱ्या गिऱ्हाइकांना ती पाहायची होती, त्यांच्यापर्यंतही ती पोहोचत नाही. शिवाय आता गिऱ्हाईकही जाणकार झाले आहे. पन्नास हजार फॉलोअर आणि पोस्टखाली मोजून सात लाइक दिसले की ‘बडा घर पोकळ वासा’ हे त्याला लगेच कळते. पूर्वी कुणाच्या सांगण्यावरून तुम्ही फॉलोअर विकत घेतले असतील, तर ते आम्हाला मोकळेपणाने सांगावे. अशी खाती एकेक करून काढून टाकता येतात. आकडा घटलेला पाहून पहिले काही दिवस वाईट वाटते, एवढेच.

निळ्या टिकेविषयी थोडक्यात

ट्विटरने २००९ मध्ये खरे खाते ओळखू यावे म्हणून निळी टिक देण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पैसे भरणाऱ्याला मिळू लागताच एली लिली या औषध कंपनीच्या नावाने कुणीतरी टिक घेऊन ‘इन्सुलिन आता मोफत’ असे जाहीर केले आणि कंपनीला खुलासा करून क्षमा मागावी लागली. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची सशुल्क टिक भारतात जून २०२३ मध्ये मासिक ६९९ रुपये दराने आली. तिच्यासाठी ओळखपत्र तपासले जाते, त्यामुळे तुमच्या नावाची बनावट खाती निघत असतील तर ती घेण्यात अर्थ आहे. माल चांगला आहे, असे ती सांगत नाही. बहुतेक छोट्या दुकानांना आम्ही ती घेण्याचा सल्ला देत नाही.

खात्री कशाने पटते

येवल्याच्या पैठणीचे उदाहरण घेऊ. हातमागावरची आणि यंत्रमागावरची पैठणी मोबाइलच्या पडद्यावर सारखीच झळकते, पण दोन्हींच्या किमतीत कित्येक पटींचे अंतर असते, आणि पैसे पाठवण्यापूर्वी ग्राहकाच्या मनात नेमकी हीच धाकधूक असते. साडी नेसवून, गाणे लावून काढलेली रील देखणी असते, परंतु या धाकधुकीला ती काहीच उत्तर देत नाही. त्याऐवजी पदर टेबलावर पसरून उलटा करावा आणि कॅमेरा अगदी जवळ न्यावा. हातमागाच्या पदरावरचा मोर मागच्या बाजूनेही जवळजवळ तसाच सुबक दिसतो, कारण विणकराने प्रत्येक रंगाची तिल्ली (धागा गुंडाळलेली छोटी कांडी) त्या नक्षीपुरतीच फिरवून धागा शेजारच्या धाग्यात गुंतवलेला असतो. यंत्रमागाच्या पदरामागे मात्र लांबच लांब सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. एवढे दाखवायला वीस सेकंद पुरतात. त्यातच रेशीम शुद्ध असल्याची खूण असलेले सिल्क मार्कचे लेबल दाखवले आणि ही साडी मागावर किती दिवस होती ते विणकराच्याच तोंडून ऐकवले, तर पाहणाऱ्याला आणखी काही विचारण्याची गरज राहत नाही.

तुमच्याकडे यंत्रमागाचा मालही असेल, तर तो लपवू नये. ‘ही यंत्रमागाची आहे, म्हणून किंमत कमी आहे’ असे एक वाक्य स्पष्ट लिहिले, की त्याच पानावरच्या हातमागाच्या साडीवर लोकांचा विश्वास बसतो. जो विक्रेता आपल्या मालाची मर्यादा आपणहून सांगतो, त्याचे कौतुकाचे शब्दही खरे मानले जातात, हा अनुभव जुन्या कापडबाजारातील प्रत्येकाला आहे.

हापूसच्या विक्रेत्यांनाही हेच लागू पडते. कोकण हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून तुमची नोंद झाली असेल, तर ते प्रोफाइलमध्येच लिहावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक तसाच ठळक लिहावा. दुकानाचा खरा पत्ता, उघडण्याच्या वेळा, परत घेण्याची अट आणि उचलला जाणारा फोन क्रमांक या चार गोष्टी ज्या खात्यावर सापडत नाहीत, तेथे चित्रे कितीही सुंदर असली तरी अनोळखी माणूस पैसे पाठवत नाही.

‘किंमत इनबॉक्समध्ये’ या प्रथेबद्दल आमचे मत जरा कडक आहे. शेजारचा दुकानदार भाव पाहील या भीतीने ती पडली असावी, पण शेजाऱ्याला तुमचा भाव तसाही ठाऊक असतो. गिऱ्हाइकाला मात्र वाटते, की माणूस पाहून भाव ठरणार. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पोस्टमध्ये किंमत लिहिलेली असते, आणि टपालखर्च वेगळा असेल तर तोही.

तक्रार आली, तर ती पुसून टाकू नये. ‘पार्सल आठ दिवस उशिरा आले, डबा फुटला होता’ अशी टिप्पणी आल्यास त्याच ठिकाणी, सर्वांना दिसेल असे, नम्र आणि नेमके उत्तर द्यावे : पार्सल कुठे अडले, डबा बदलून कधी पाठवत आहोत. पुढचा तपशील फोनवर बोलावा, पण निकाल लागला की पुन्हा तेथे एक ओळ लिहावी. ही ओळ वाचणारे शेकडो असतात आणि त्यांना डबा फुटल्यापेक्षा तो बदलून मिळाला हे लक्षात राहते. घरच्या माणसांकडून पाच तारे लिहवून घेणे किंवा सवलतीच्या बदल्यात कौतुक मागणे आम्ही करत नाही. गुगलच्या नियमांत मोबदला देऊन अभिप्राय मिळवण्यास मनाई आहे, आणि ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये स्वतंत्र मानकही काढले आहे.

दूरच्या ग्राहकांशी हा मोकळेपणा अधिकच आवश्यक असतो. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेच्या सीमाशुल्काच्या नव्या नियमांमुळे भारतीय टपाल खात्याने तिकडे जाणारी बहुतेक पार्सले तात्पुरती थांबवली, आणि दिवाळी दोन महिन्यांवर आली होती. परदेशातील मराठी कुटुंबांना फराळ पाठवणाऱ्यांनी अशा वेळी खासगी कुरिअरचा वाढलेला दर आणि पोहोचण्याची खरीखुरी तारीख आपणहून जाहीर करणे हाच मार्ग असतो. काही मागण्या हातच्या जातात, पण पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक राहते.

संख्या कशी वाढते

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले होते, की पोस्ट किती वेळ पाहिली जाते, किती जणांना आवडते आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात, या तीन बाबींना सर्वांत जास्त महत्त्व असते. त्यांतही अनोळखी लोकांपर्यंत पोहोचायचे असेल, तर पाठवण्याला. म्हणून कोणतीही पोस्ट तयार करताना आम्ही तुम्हाला विचारू, की ही कोण कुणाला पाठवेल? ‘आमच्याकडे उत्तम चकली मिळेल’ हे कुणी कुणाला पाठवत नाही. ‘आच मोठी ठेवली की चकली बाहेरून लाल होते, आत कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडते’ हे कढईसमोर उभे राहून दाखवले, तर बहीण बहिणीला आणि सासू सुनेला पाठवते. गुपित फोडले तर विकत कोण घेणार, अशी शंका येथे हमखास निघते. ज्यांना घरी करायची आहे ते तसेही घरीच करणार. ज्यांना वेळ नाही, ते ज्याच्याकडून शिकले त्याच्याकडूनच मागवतात.

भाषा तुमची काउंटरवरची असावी. नागपूरच्या दुकानाने नागपूरकरांसारखे आणि कोल्हापूरच्या दुकानाने कोल्हापूरकरांसारखे बोलावे. जाहिरातीचे गुळगुळीत मराठी ऐकले की बोट आपोआप पुढे सरकते. आठवड्याला दोन पोस्ट पुरेशा आहेत, पण त्या हंगाम संपला तरी चालू राहिल्या पाहिजेत. यूट्यूबवर जाहिरातींचे उत्पन्न सुरू होण्यासाठी १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, किंवा नव्वद दिवसांत १ कोटी शॉर्ट्स व्ह्यू अशी अट आहे. दुकानदाराने त्या मागे लागू नये, त्याचे उत्पन्न मालातून यायचे आहे.

इन्फ्लुएन्सरकडून जाहिरात करून घ्यायची असल्यास

इन्फ्लुएन्सर म्हणजे समाजमाध्यमांवर स्वतःचे प्रेक्षक असलेली व्यक्ती. तिच्याकडून जाहिरात करून घेणे आम्ही सुचवतो, परंतु नियम पाळूनच. भारतीय जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वे १४ जून २०२१ पासून लागू आहेत. पैसे दिले असोत किंवा फक्त एक साडी भेट दिलेली असो, पोस्टवर ती जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. पंधरा सेकंदांपर्यंतच्या चित्रफितीत ही सूचना किमान तीन सेकंद आणि त्याहून मोठ्या, पण दोन मिनिटांपेक्षा लहान चित्रफितीत एकतृतीयांश वेळ दिसली पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. निवड करताना फॉलोअरचा आकडा शेवटी पाहावा. त्यांच्या पोस्टखाली लोक खरे प्रश्न विचारतात का आणि त्यांचे प्रेक्षक कोणत्या शहरांत आहेत, याचा तक्ता आम्ही आधी मागून घेतो.

खाते आपले, जागा दुसऱ्याची

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतील कितीतरी मराठी कलाकारांचे लाखो फॉलोअर त्या निर्णयाने गेले आणि त्यांच्याकडे एकाचाही फोन क्रमांक नव्हता. यासाठी दुकानात किंवा पार्सलसोबत एक चिठ्ठी ठेवून, संमती घेऊन, ग्राहकांचे क्रमांक जमा करावेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळी यादी ठेवावी. खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा (पासवर्डनंतर आणखी एक सांकेतिक क्रमांक) लावणे आमच्या सेवेत सक्तीचे आहे. ‘तुमच्यावर कॉपीराइटची तक्रार आहे, चोवीस तासांत येथे लॉगिन करा’ असा संदेश आल्यास कोणत्याही दुव्यावर बोट न लावता आधी आम्हाला फोन करावा; पैसे गेलेच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावे.

आमच्या सेवेच्या अटी

खाते तुमच्याच नावावर, तुमच्याच मोबाइल क्रमांकावर राहील. आम्हाला केवळ काम करण्यापुरता प्रवेश द्यावा, तो करार संपल्यावर तुम्ही स्वतः बंद करू शकता. फॉलोअरच्या संख्येची हमी आम्ही देत नाही. दरमहा अहवालात किती जणांनी पोस्ट दुसऱ्याला पाठवली, किती चौकशा आल्या, त्यांपैकी किती तुमच्या पार्सलच्या टप्प्यातील गावांतून होत्या आणि किती विक्रीपर्यंत पोहोचल्या, एवढे लिहून देतो. विक्रीचा आकडा मात्र तुम्हीच प्रामाणिकपणे कळवायचा आहे. पहिले तीन महिने हा अहवाल किरकोळ वाटेल, याची कल्पना असू द्यावी.

पहिल्या भेटीस येताना परवान्यांच्या प्रती, दुकानाची आतली-बाहेरची साधी छायाचित्रे आणि गेल्या महिन्यात ग्राहकांनी फोनवर किंवा काउंटरवर विचारलेले प्रश्न आठवतील तसे कागदावर लिहून आणावेत. पहिल्या पोस्ट आम्ही त्या प्रश्नांवरूनच तयार करतो.