शोफहारक थेंब : नाकाचे व डोळ्यांचे

चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी किंवा डोळ्यांची लाली उतरवण्यासाठी वापरले जाणारे, रक्तवाहिन्या आकुंचित करणारे थेंब. झायलोमेटॅझोलीन, ऑक्सिमेटॅझोलीन, नॅफॅझोलीन व टेट्राहायड्रोझोलीन ही इमिडॅझोलीन या रासायनिक गटातील द्रव्ये आणि त्या गटाबाहेरील फेनिलएफ्रीन हे त्यांतील मुख्य घटक होत. नाकाच्या थेंबांत प्रौढांसाठी झायलोमेटॅझोलीन ०.१ टक्का किंवा ऑक्सिमेटॅझोलीन ०.०५ टक्के असते; मुलांच्या थेंबांत सहसा याच्या निम्मे. मिठाच्या पाण्याचे (सलाइन) थेंब, स्टेरॉइडचे फवारे आणि आयुर्वेदातील नस्य यांचा या वर्गात समावेश होत नाही.

या औषधांचा पूर्वज म्हणजे एफेड्रीन. चिनी वैद्यकातील मा-हुआंग (एफेड्रा) या वनस्पतीतून जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी ते १८८५ च्या सुमारास वेगळे केले. चेन व श्मिट यांच्या संशोधनानंतर, १९२० च्या दशकात, ते पाश्चात्त्य वैद्यकात रुळले. वैदिक सोम म्हणजे एफेड्राच, असे एक मत आहे. पारशांच्या यस्न या धार्मिक विधीत हओम (सोमाचेच अवेस्ती रूप) म्हणून एफेड्राच्या काड्या वापरतात, हा त्याचा प्रमुख आधार. मात्र एवढ्यावरून सोमाची ओळख पटली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. नॅफॅझोलीन साधारणतः १९४० च्या आगेमागे वापरात आले, तर ऑक्सिमेटॅझोलीन १९६० च्या दशकारंभी जर्मनीतील मर्क कंपनीत विकसित झाले.

नाकाच्या आतील शुक्तिकांवरच्या (शिंपल्यासारख्या उंचवट्यांवरच्या) श्लेष्मकलेत, म्हणजे ओलसर अस्तरात, रक्ताने फुगणाऱ्या शिरांचे जाळे असते. थेंबांतील द्रव्य तेथील आल्फा ग्राहींना (पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) उत्तेजित करते, शिरा आक्रसतात आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. सर्दीचे मूळ कारण मात्र तसेच राहते.

सलग वापर लांबला की परिणाम ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते, रुग्ण पुन्हा थेंब घालतो आणि चक्र सुरू होते. एफेड्रीनसारख्या द्रव्यांच्या दीर्घ वापराबद्दल फॉक्स यांनी १९३१ मध्येच इशारा दिला होता. औषधजन्य नासाशोथ (रायनायटिस मेडिकामेंटोझा) ही संज्ञा १९४६ मधील लेक यांच्या लेखापासून प्रचारात आली, असे सामान्यतः मानले जाते. कारणाबाबत एकमत नाही. एका मतानुसार सततच्या आकुंचनाने ऊतींना रक्त कमी पडते व नंतर तेथे सूज येते. दुसऱ्या मतानुसार ग्राहींची संवेदनक्षमता घटते. स्वीडनमधील ग्राफ व सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात बेंझाल्कोनियम क्लोराइड या परिरक्षकाकडे (थेंब टिकवण्यासाठी घातलेल्या द्रव्याकडे) बोट दाखवले, पण परिरक्षकविरहित थेंबांनीही हा विकार होत असल्याने ते मूळ कारणापेक्षा भर घालणारा घटक असावे. धोका कितव्या दिवसापासून, हाही वादाचा विषय आहे. अमेरिकेतील ऑक्सिमेटॅझोलीनच्या वेष्टनांवर तीन दिवसांची मर्यादा असते, ब्रिटनमध्ये झायलोमेटॅझोलीनसाठी प्रौढांना ती सात दिवसांपर्यंत राहिली आहे. काही छोट्या अभ्यासांत याहून लांब वापरानंतरही हा परिणाम दिसला नाही. तरीही व्यवहारात तीन ते पाच दिवसांची सीमाच सुरक्षित वाटते. सवय लागलेल्यांना थेंब बंद करायला लावून बहुधा नाकाचा स्टेरॉइड फवारा देतात.

उच्च रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचा अतिस्राव, मधुमेह किंवा प्रोस्टेट ग्रंथीची वाढ असल्यास वापरापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नैराश्यावरील एमएओ प्रतिरोधक औषधे चालू असताना हे थेंब वर्ज्य. बाटलीचे टोक नाकाला वा डोळ्याला टेकवू नये आणि एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये.

बालकांनी हे थेंब गिळणे हा सर्वांत गंभीर धोका आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये १९८५ पासूनच्या ९६ अपघातांची नोंद प्रसिद्ध केली. मुले एक महिना ते पाच वर्षे वयाची होती. मृत्यू झाला नाही, पण अवघे एक-दोन मिलिलिटर पोटात गेल्यानेही गुंगी, मंद नाडी, श्वसन मंदावणे, बेशुद्धी असे गंभीर परिणाम झाले होते. मूल शुद्धीवर दिसले तरी त्याला लगेच रुग्णालयात न्यावे.

डोळ्यांच्या थेंबांचा अभ्यास तुलनेने कमी झालेला आहे. लाली परत येण्याचा दोष येथेही आढळतो. अरुंद-कोन काचबिंदूत बाहुली विस्फारल्याने नेत्रदाब एकाएकी वाढू शकतो; म्हणून ज्यांना तो विकार आहे त्यांनी ते टाळावेत. वेदना, अंधुक दिसणे किंवा प्रकाश सहन न होणे यांसह आलेली लाली थेंबांनी झाकू नये. कॉन्टॅक्ट लेन्स काढूनच थेंब घालावेत. अमेरिकेत २०१७ मध्ये लालीसाठी मान्यता मिळालेले कमी मात्रेचे ब्रिमोनिडीन (०.०२५ टक्के) मुख्यतः आल्फा-२ ग्राहींवर काम करते आणि त्यात लाली परतण्याचे प्रमाण कमी आढळले आहे.