बेटरमेंट म्हणजे फ्लोट नव्हे

कॅपच्या, म्हणजे राज्याच्या सीईटी सेलच्या अभियांत्रिकी प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीचा निकाल लागला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरोघरी एकच सल्ला फिरतो : ‘बेटरमेंट म्हणजे आपलं फ्लोटच रे भो, हातची सीट कुठे जात नाही, बिनधास्त टाक.’ सांगणारा बहुधा जोसातून, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या देशपातळीवरच्या प्रवेश प्रक्रियेतून, एनआयटीला लागलेला चुलतभाऊ असतो. त्याच्या फेऱ्यांपुरतं त्याचं म्हणणं खरंच होतं. सीईटी सेलच्या कॅपला ते लागू पडत नाही, आणि चांगल्या पर्सेंटाइलची पोरं यातच फसतात.

फ्लोट बहुतेकांना ठाऊक आहे. जोसात पसंतीची यादी पहिल्या फेरीआधी एकदाच भरून लॉक होते. मिळालेली सीट स्वीकारून फ्लोट निवडलं की त्याच यादीतल्या वरच्या पर्यायांसाठीच तुमचा विचार होतो, खालचे आपोआप बाद. स्लाइडमध्ये कॉलेज तेच राहतं, शाखा बदलू शकते. सीट स्वीकारायची रक्कम जोसात हजारोंच्या घरात, कॅपमध्ये एक हजार. त्यात कोणी गोंधळत नाही.

कॅपमधल्या बेटरमेंटमध्येही मिळालेली सीट स्वीकारून पुढच्या फेरीत आणखी चांगलीसाठी प्रयत्न करता येतो, पण त्या फेरीसाठी ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीची यादी, नव्याने भरला जातो. पहिल्या फेरीची यादी जशीच्या तशी पुढे सरकत नाही. आणि या नव्या फॉर्ममधला कुठलाही पर्याय मिळाला, पहिला असो वा विसावा, की आधीची सीट त्याच क्षणी रद्द होते. ती परत मागता येत नाही. नव्या फॉर्ममध्ये लिहिलेलं प्रत्येक कॉलेज तुम्हाला हातातल्या सीटपेक्षा जास्त हवं आहे, असंच धरलं जातं.

समजा, चोपड्याच्या एका मुलीला पहिल्या फेरीत चौथ्या पसंतीला जळगावच्या शासकीय अभियांत्रिकीत इलेक्ट्रिकल मिळालं. तिला कॉम्प्युटर हवंय, म्हणून तिने बेटरमेंट घेतलं, हजार रुपये भरले. इथवर सगळं ठीक. दुसऱ्या फेरीच्या फॉर्ममध्ये तिने वर तीन खरी हवीशी नावं लिहिली. मग सायबर कॅफेवाला म्हणाला, ‘ताई, तीनच कसे? रिकामा नको ठेवू, आणखी टाक.’ तिने पुण्या-नाशिकची पाच खासगी कॉलेजं भरतीला टाकली. वरची तिन्ही हुकली, सातवं लागलं. फी कितीतरी जास्त, शाखाही नको असलेली, आणि जळगावची इलेक्ट्रिकल तोवर दुसऱ्याच्या नावावर. फ्लोटमध्ये हे घडलंच नसतं. मिळालेल्या सीटच्या खालचं काही तिथे लागूच शकत नाही.

म्हणून बेटरमेंट घेतलं असेल तर नवा फॉर्म छोटा ठेवा. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न : हे लागलं तर हातची सीट सोडून मी आनंदाने तिथे जाईन का? उत्तर देताना अडखळलात, तर ते नाव काढा. दोनच नावं उरली तर दोनच ठेवा. ‘जास्तीत जास्त ऑप्शन भरा’ हा सल्ला पहिल्या फेरीत, हातात काहीच नसताना, अगदी बरोबर आहे. सीट हातात असताना तोच सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नुकसान त्यांचं होत नाही, त्या मुलीची चार वर्षं जातात.

क्रमाचीही तितकीच काळजी घ्या. 2025-26 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीन आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी काहीही लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच पक्की ठरते, आणि पुढच्या फेऱ्या बंद होतात. ‘वर असंच एक टाकून बघू’ हा खेळ तिथे अंगाशी येतो. फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, कुणाच्या स्टेटसवर जाऊ नका.

पुण्याचे कटऑफ पाहताना जागेच्या प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षरही बघा. एच म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या क्षेत्रातली मुलं, ओ म्हणजे बाहेरची. बारावी खान्देशात झाली असेल तर पुण्यात तुमचा रकाना ओचा. एचचे आकडे बघून आशा लावून बसलेले पालक मी खूप पाहिलेत.

राहिला घरचा वाद. अप्पा म्हणतात, ‘हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, फ्रीझ कर.’ पोरगं म्हणतं, कॉम्प्युटरच हवं. अप्पांची भीती खोटी नाही, पण फॉर्ममध्ये फक्त खरोखर हवी तीच नावं असतील, तर बेटरमेंटमध्ये हातचं सुटतं ते हवं तेच मिळाल्यावर. त्यातलं काहीच लागलं नाही तर हातची सीट तशीच राहते. एवढं अप्पांना फॉर्म समोर ठेवून, एकेका नावावर बोट ठेवत दाखवा. आणि त्यांच्यासमोर यादी वाचताना एकही नाव पोराला मनापासून हवं वाटलं नाही, तर त्याच बैठकीत फ्रीझ करा आणि दिलेल्या मुदतीत कागदपत्रं घेऊन कॉलेजात हजर व्हा. फ्रीझ करूनही मुदतीत प्रवेश निश्चित केला नाही, तर सीट जाते.