किलोवॅट वेगळा, युनिट वेगळं

शेजारच्या काकांनी गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. पहिले आठ दिवस ते दर तासाला इन्व्हर्टरचा आकडा बघायला जिना चढत होते. नवव्या दिवशी मला हाक मारली. "हे बघ, दुपारचा एक वाजलाय, ऊन रणरणतंय आणि इथे २.३! पैसे तर तीनचे घेतलेत." त्याच आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज ७.१'. वरचा आकडा किलोवॅटचा, खालचा युनिटचा. काकांनी खालच्या आकड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आधी त्यांची शंका मिटवू. पॅनेलवर छापलेला आकडा पॅनेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेला असतो. मे महिन्यात गच्चीवर ते साठ अंशांपर्यंत तापतं, आणि तापलं की वीज कमी देतं. त्याला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. म्हणजे २.३ मध्ये फसवणूक काही नव्हती.

आता मूळ मुद्दा. किलोवॅट म्हणजे या क्षणाची ताकद. ती ताकद तासभर चालली की जे हाती येतं ते एक युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. हा गुणाकार आहे. बातम्यांत 'किलोवॅट प्रति तास' असं सर्रास छापून येतं, ते साफ चूक. शेतकऱ्याला हे समजावावं लागत नाही. पाचची मोटर विहिरीवर बसवली म्हणून ऊस भिजत नाही, ती किती तास चालली यावर भिजतो. शहरातल्या माणसाने वीजबिल काढून बघावं : 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये असतो आणि वापर युनिटमध्ये.

काकांचा एक किलोवॅट आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे तीन किलोवॅटचे बारा. तोच एक किलोवॅट चोवीस तास पूर्ण ताकदीने चालला असता तर चोवीस युनिट मिळाले असते. म्हणजे मिळतो सहावा हिस्सा. रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन आहे. त्याला इलाज नाही.

हा सहावा हिस्सा डोक्यात ठेवून २०२५ च्या जुलैमधली बातमी वाचा. भारताची निम्मी वीजक्षमता आता कोळसा, वायू, तेल यांच्याबाहेरची झाली. उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पाच वर्षं आधीच गाठलं. बातमी खरी होती. पण आमच्या ग्रुपवर ती 'देशाची निम्मी वीज आता स्वच्छ' अशी फिरली, ते खरं नाही. ती क्षमता होती, गिगावॅटमधली (एक गिगावॅट म्हणजे दहा लाख किलोवॅट). युनिटमध्ये मोजलं तर २०२४-२५ मध्ये जवळपास तीन-चतुर्थांश वीज कोळशाचीच होती. त्या वर्षाअखेर देशाच्या क्षमतेत सौरऊर्जेचा वाटा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त होता. त्या वर्षात तयार झालेल्या युनिटमध्ये मात्र तो साधारण ८ टक्केच भरला.

मग किलोवॅट-मेगावॅट हा नुसता फुगवलेला आकडा समजायचा का? मीही काही दिवस तसंच समजत होतो. ते खूळ कोयनेने काढलं. कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास (एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट). पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे सगळे संच बाराही महिने चालवायचे म्हटलं तरी चालवता येत नाहीत. युनिटच्या हिशेबात कोयना तिच्या मेगावॅटच्या मानाने किरकोळ वाटेल. तरीही संध्याकाळी घराघरात एकदम दिवे लागतात आणि मागणी उसळते, तेव्हा काही मिनिटांत संच सुरू करता येतात ते तिचेच. तिथे मोल मेगावॅटलाच आहे.

म्हणून साठवणुकीच्या प्रकल्पांची बातमी आली की मी दोन आकडे शोधतो : एका वेळी किती मेगावॅट आणि ते किती तास. आपला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प २५० मेगावॅटचा. वीज शिल्लक असेल तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, आणि गरज पडली की तेच खाली सोडून वीज करायची. वरचा तलाव रिकामा झाला की २५० चा आकडा कागदावरच राहतो. बॅटरीचंही तसंच आहे. नुसते मेगावॅट सांगून तास न सांगणारी बातमी अर्धीच असते.

आता आशेचं बोलू. ती मला शेतीच्या फीडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीवर जास्त दिसते. या वाहिन्यांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळमधल्या कोळंबीपासून झाली. दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्य १६,००० मेगावॅटचं. इथे सहाव्या हिश्शाची अडचण बरीच बोथट होते, कारण मोटरला वीज दिवसाच हवी असते. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन, साप-विंचवाच्या भीतीने बांधावरून चालत जाऊन पाणी ज्यांनी दिलंय, त्यांना दिवसाच्या युनिटची किंमत कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त कळते.

जगाच्या पातळीवरची जी गोष्ट मला खरी वाटते तीही युनिटमधलीच आहे. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जगभरात पाणी, वारा, ऊन अशा अक्षय स्रोतांनी मिळून कोळशापेक्षा जास्त वीज दिली. असं पहिल्यांदाच घडलं. क्षमता बसवली म्हणून कोळसा वाचत नाही. तारेतून युनिट गेलं की वाचतो. तसं ते जायला लागलंय.

काका आता खालचा आकडा वाचतात. जुलैत तो दिवसाला पाच-सहावर आला तेव्हा पुन्हा हाक आली. मी म्हटलं, काका, पाटणच्या वरती वनकुसवडेच्या पठारावर चक्कर मारून या. पावसाळ्यात तिथे छत्री टिकत नाही, आणि पवनचक्क्या वर्षात सगळ्यांत जोरात तेव्हाच फिरतात.