पोटविकारतज्ज्ञाचा सल्ला

अन्ननलिका, जठर, आतडी, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड यांच्या विकारांचे निदान व औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरला पोटविकारतज्ज्ञ म्हणतात. भारतात एमबीबीएस आणि एमडी झाल्यावर तीन वर्षांचा डीएम अभ्यासक्रम पूर्ण करून ही पात्रता मिळते. पोटाच्या शस्त्रक्रिया करणारा सर्जन वेगळा.

मराठी रुग्णाची तक्रार बहुधा पित्त, गॅस आणि पोट साफ न होणे एवढ्यात मावते. यांतला ‘पित्त’ हा शब्द सर्वांत फसवा आहे. आंबट पाणी घशाशी आले तरी पित्त, डोके ठणकून उलटी झाली तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. पहिल्यात जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटते, दुसरी पुष्कळदा अर्धशिशी असते, तर गांधींचे कारण अनेकदा ॲलर्जीत सापडते. म्हणून तज्ज्ञ आधी हा शब्द उलगडून घेतो: नेमके कुठे दुखते, जेवणाआधी की नंतर, दुखण्याने रात्री जाग येते का, आणि गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का. या शेवटच्या गोष्टीचा पोटाशी संबंध असेल हे रुग्णाच्या मनातही नसते. प्रत्यक्षात डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने जठरात व्रण (अल्सर) होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

‘गॅस’ हा शब्द तर जिवावर बेतू शकतो. छातीच्या मध्यभागी दाब, दरदरून घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ अशी लक्षणे असतील, तर सोडा किंवा ओवा घेऊन वाट न पाहता आणि पोटविकारतज्ज्ञही न शोधता, ईसीजी होईल अशा जवळच्या रुग्णालयात ताबडतोब जावे.

चार दिवसांचे अपचन घरच्या पथ्याने किंवा नेहमीच्या डॉक्टरांच्या औषधाने बरे होते. मात्र कारण नसताना वजन उतरणे, घास अडकणे, वारंवार उलट्या, रक्तक्षय, शौचातून रक्त जाणे किंवा डांबरासारखी काळी शौच होणे, यांपैकी काहीही आढळल्यास तज्ज्ञाकडे जाण्यास उशीर करू नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, हे डॉक्टरांना सांगावे. रक्त दिसले की मूळव्याध समजून, संकोचापोटी महिनोन्‌महिने गप्प राहणे फार घातक आहे, कारण गुदाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही असेच असू शकते. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही. तो बहुधा लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी होतो.

दुर्बिणीच्या तपासणीची भीती अनेकांना रोखून धरते. जठराच्या तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते. घशात बधिरतेचा फवारा मारून, डाव्या कुशीवर झोपवून, दातांत प्लॅस्टिकची कडी धरायला देतात आणि करंगळीएवढी नळी आत सरकवतात. उमासे येतात, पण श्वास अडत नाही, आणि साधी तपासणी काही मिनिटांत आटोपते. मोठ्या आतड्याच्या तपासणीत आदल्या दिवसाची जुलाबाच्या औषधाची तयारीच जास्त त्रासदायक वाटते.

जठरव्रणामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असू शकतो, हे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी दाखवले. त्यासाठी त्यांना 2005 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूची तपासणी करायची असल्यास पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या साधारण दोन आठवडे आधी, डॉक्टरांना विचारून, बंद कराव्या लागतात. अन्यथा जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. त्यामुळे पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक चूर्णांसह, सोबत न्यावीत.