विभक्ततेचा करारनामा : लहान मुले असलेल्या दांपत्यांसाठी

पती-पत्नीने वेगळे व्हायचे ठरवल्यावर मुलांचा ताबा, भेटी, पोटगी, घर आणि देणी यांबाबत जे ठरते ते लिहून काढणारा दस्तऐवज म्हणजे विभक्ततेचा करारनामा. न्यायालयात दाखल झाल्यावर त्याला ‘संमतीच्या अटी’ किंवा वकिलांच्या बोलीत ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात. सह्या दोघांच्या असल्या तरी अर्धा मजकूर तिसऱ्याबद्दल असतो, आणि ते मूल करारात पक्षकार नसते. त्यामुळे या दस्तऐवजाला दुहेरी स्वभाव येतो: पैसा व मालमत्ता यांची कलमे एकदा मिटली की सहसा मिटतात, मुलाची कलमे कधीच कायमची मिटत नाहीत. या नोंदीत भारतातील, मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखालील, पद्धत दिली आहे.

कायद्यातील स्थान

स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारलेल्या ‘फारकती’ने घटस्फोट होत नाही. रूढीने होणारा घटस्फोट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ मध्ये राखून ठेवला आहे, पण त्या समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध करावे लागते. एरवी अशी सोडचिठ्ठी म्हणजे वेगळे राहत असल्याचा कागदी पुरावा, त्यापलीकडे फारसे काही नाही. तिच्या भरवशावर दुसरे लग्न केल्याने फौजदारी गुन्ह्यात अडकलेले लोक असतात.

त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये न्यायिक विभक्तता आहे. त्यात लग्न टिकते, पण एकत्र राहण्याचे बंधन उरत नाही. हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास पुन्हा सुरू झाला नाही तर कोणालाही घटस्फोट मागता येतो. मात्र न्यायिक विभक्ततेसाठी घटस्फोटाइतकीच कारणे दाखवावी लागतात, केवळ संमती पुरत नाही. म्हणून समजुतीने वेगळे होणारी बहुतेक जोडपी १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३-ब कडे वळतात. अर्जाआधी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. ‘वेगळे’ म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणे. छप्पर एक असले तरी चालते. पहिल्या अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांना पुन्हा न्यायालयात येऊन संमती सांगावी लागते. हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात ठरवले. त्याच्या अटींपैकी एक अशी की पोटगी आणि मुलांचा ताबा यांसह सारे वाद खरोखर मिटलेले असावेत. मुलांची कलमे मोघम ठेवणाऱ्यांची सवलत इथेच अडू शकते.

मुलांची कलमे

पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणतः आईकडे असावा, असे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आहे. पण कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वर. ताबा (मूल कोणाकडे राहते) आणि पालकत्व (त्याचे निर्णय कोण घेते) हे दोन वेगळे शब्द आहेत आणि करारात दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख हवा. मूल आईकडे राहिले म्हणून बाप नैसर्गिक पालक राहत नाही असे नव्हे. शाळा बदलणे, शस्त्रक्रिया, पासपोर्ट, परदेशप्रवास यांचे निर्णय कोण घेणार, आणि दुसऱ्याने किती दिवसांत उत्तर द्यायचे, हे लिहिले नाही तर पासपोर्टचा अर्ज एका सहीसाठी महिनोन्‌महिने पडून राहतो.

सर्वांत जास्त भांडणे ‘वडिलांना सोयीनुसार मुलास भेटता येईल’ या एका वाक्यातून होतात. सोय कोणाची? त्याऐवजी असे लिहावे: ‘पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या शनिवारी सकाळी १० वाजता वडील मुलास आईच्या इमारतीच्या फाटकाशी घेतील व रविवारी सायंकाळी ६ वाजता तिथेच सोडतील. तीस मिनिटांहून अधिक उशीर होणार असल्यास संदेश पाठवतील. मूल आजारी असल्यास ती भेट पुढच्या शनिवारी होईल.’ दिवस, वेळ, जागा, उशीर, बदली भेट या पाच गोष्टी आल्या की वाद घालायला जागा थोडी उरते. मुलाबरोबर जाणारी पिशवीही लिहून टाकावी: औषधे, चष्मा, गृहपाठाची वही. दम्याचा पंप या घरी आणि मूल त्या घरी, हा प्रकार क्षुल्लक नाही.

दोन वर्षांच्या मुलाला आणि सात वर्षांच्या मुलाला एकच वेळापत्रक लावणे ही नेहमीची चूक. तान्ह्या मुलासाठी थोड्या वेळाच्या पण वारंवार भेटी बऱ्या, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा दोन-दोन तास. नंतर पूर्ण दिवस, मग एक रात्र. हे टप्पे वयासह आधीच लिहिले तर प्रत्येक वाढीसाठी न्यायालयात जावे लागत नाही. दिवाळीची व उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी करून सम वर्षी पहिला भाग एकाकडे, विषम वर्षी दुसऱ्याकडे अशी आलटून-पालटून विभागणी सोपी पडते. सुट्टीच्या तारखा शाळेच्या पत्रकाप्रमाणे धराव्यात, कारण मंडळानुसार त्या बदलतात.

दूर राहणाऱ्या पालकासाठी फोन व व्हिडिओ कॉलची वेळ हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात संपर्काचा हक्क भेटीच्या हक्काहून वेगळा मानला आणि रोज पाच-दहा मिनिटे बोलू द्यावे असे म्हटले. परदेशी जाण्याची शक्यता असल्यास कलम आणखी कडक लागते: आंतरराष्ट्रीय बालअपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही.

पैसा

आधी दोघांनी उत्पन्न, मालमत्ता व देणी मांडावीत. पोटगीच्या दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात प्रतिज्ञापत्राचा जो नमुना घालून दिला, तो समजुतीच्या वेळीही यादी म्हणून उपयोगी पडतो.

मुलाच्या खर्चाच्या रकमेइतकीच तिच्या वाढीची भाषा महत्त्वाची. चार वर्षांच्या मुलासाठी दरमहा १५,००० रुपये आणि ‘दरवर्षी ५ टक्के वाढ’ इतकेच लिहिले तर दोन अर्थ निघतात. वाढ मूळ रकमेवर धरली तर चौदाव्या वर्षी, म्हणजे अठरा पूर्ण होण्याआधीच्या वर्षात, २४,७५० रुपये मिळतात. आदल्या वर्षीच्या रकमेवर धरली तर सुमारे २८,२८५. फी, क्लास, मोठा वैद्यकीय खर्च यांची विभागणी या रकमेत मिसळू नये. मुलाच्या पोटगीचा कायदेशीर हक्क सर्वसाधारणपणे अठराव्या वर्षी संपतो, अविवाहित मुलीचा मात्र पुढेही टिकू शकतो. म्हणून महाविद्यालयाचा खर्च वेगळ्या कलमात हवा.

‘पत्नी स्वतःची व मुलाची पोटगी सोडून देत आहे’ हे वाक्य आजही अनेक मसुद्यांत आढळते. तिच्या स्वतःच्या पोटगीचे काहीही असो, मुलाची सोडण्याचा अधिकार तिला नाही, आणि अशा कलमाने मुलाचा हक्क बुडत नाही.

एकरकमी पैसे दोन हप्त्यांत द्यावेत, काही पहिल्या अर्जावेळी, उरलेले हुकूमनाम्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले आहे. सगळे आधी देऊन बसलेल्याला मग वसुलीसाठी वेगळे झगडावे लागते. फ्लॅट एकाच्या नावे करायचा असेल तर त्याचा तपशील मूळ अर्जातच द्यावा. दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता समजुतीत घातली तर हुकूमनाम्याची नोंदणी करावी लागते. गृहकर्ज असल्यास बँकेचे लेखी उत्तर आधी घ्यावे, कारण दांपत्याची समजूत बँकेवर बंधनकारक नसते.

दाखल करणे आणि बदलणे

महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक दोघांशी बोलतात, गरज पडल्यास मुलाशीही. अटी दोघांनाही नीट समजल्या आहेत का हे इथे पाहिले जाते. वकिलाने लिहिलेला मसुदा न वाचता आलेले इथेच उघडे पडतात. मराठीत वाचणाऱ्या पक्षकाराने इंग्रजी अटींचा मराठी तर्जुमा सहीआधी मागून घ्यावा. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. परंतु परिस्थिती बदलली, म्हणजे बदली झाली, मूल मोठे झाले, पुनर्विवाह झाला, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच न्यायालयात अर्ज करून मुलांबाबतच्या अटी बदलून घेता येतात. तोंडी ठरवलेला बदल निदान ईमेलवर दोघांनी मान्य करून ठेवावा. हुकूमनाम्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच काढाव्यात. शाळा, बँक आणि पासपोर्ट कार्यालय यांना त्या दाखवाव्या लागतात.