व्यायामानंतरची तरतरी

सायकल, धावणे, पोहणे, जोर-बैठका किंवा नुसते भरभर चालणे, अशा अंगमेहनतीनंतर मनाला येणारा ताजेपणा. चिडचिड ओसरते, काळजी जरा मागे सरते आणि अंग दमलेले असूनही डोके हलके वाटते. व्यायाम थांबल्यावर काही मिनिटांतच हा बदल जाणवू लागतो. काळजी कमी झाल्याचा परिणाम साधारण दोन ते चार तास टिकतो, असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. लांब पल्ल्याचे धावपटू ज्या धुंदीचे वर्णन करतात तो याचाच टोकाचा प्रकार. ती धुंदी सगळ्यांना येत नाही, ज्यांना येते त्यांनाही रोज येत नाही. रोजच्या व्यायामातून मिळणारी तरतरी मात्र त्या मानाने साधी आणि बरीच भरवशाची असते.

कोल्हापुरात या अनुभवाशी लोकांची ओळख तालमींमुळे जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पहाटेची मेहनत पैलवानकीसाठी चालते. तरी शहरात फड कधीच न मारलेली, पण तरुणपणी लाल मातीत घाम गाळलेली माणसे पुष्कळ सापडतात. आज त्याच वेळेला रंकाळ्याच्या काठाने चालणारे दिसतात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावणारे दिसतात आणि शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याकडे निघालेले सायकलस्वारही. परतल्यावर तिघांचेही म्हणणे एकच असते: ‘लय भारी वाटतंय.’

हे भारी वाटणे कशामुळे, याचे सर्वांच्या तोंडी असलेले उत्तर म्हणजे एंडॉर्फिन. शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये बनवते (एंडॉर्फिन हे त्यांपैकीच), हे स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी १९७५ मध्ये दाखवले. कष्टाच्या व्यायामानंतर रक्तातले एंडॉर्फिन वाढते, हेही लवकरच दिसले आणि कोडे सुटले असे वाटू लागले. अडचण अशी की रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरत नाही, त्यामुळे रक्त तपासून मनाबद्दल फारसे काही सांगता येत नाही. २००८ मध्ये जर्मन संशोधकांनी १० धावपटूंना दोन तास धावायला लावून त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. तेव्हा मेंदूतही अशी द्रव्ये स्रवत असल्याचा पुरावा मिळाला आणि एंडॉर्फिनची बाजू सावरली.

पण ती पूर्ण सावरली नाही. २००३ मध्ये अमेरिकेत सराव असलेल्या तरुणांना ५० मिनिटे धावपट्ट्यावर (ट्रेडमिलवर) धावायला किंवा जागच्या सायकलवर पायडल मारायला लावले होते. त्यांच्या रक्तात आनंदामाइड हे द्रव्य वाढलेले आढळले. भांगेतला अमली घटक मेंदूतल्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर्सना) चिकटतो, त्यांनाच हे द्रव्यही चिकटते, आणि ते मेंदूत सहज पोहोचते. पुढे जर्मनीत एक नेमका प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६३ जणांपैकी काहींना अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणारे नाल्ट्रेक्सोन दिले, काहींना औषध नसलेली नुसतीच गोळी दिली आणि सर्वांना ४५ मिनिटे धावायला लावले. औषध घेतलेल्यांनाही तेवढेच प्रसन्न वाटले. तेव्हा ‘एंडॉर्फिन सुटते म्हणून बरे वाटते’ हे वाक्य आता अर्धवटच म्हणायला हवे, जिमच्या भिंतींवर ते कितीही ठसठशीत लिहिलेले असले तरी.

सगळे श्रेय रसायनांना देण्यातही घाई होते. १९७८ मध्ये बार्क आणि मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी काही पुरुषांना व्यायाम करायला लावला, काहींना ध्यानाला बसवले आणि उरलेल्यांना आरामखुर्चीत नुसते बसू दिले. तिन्ही गटांची काळजी सारखीच कमी झाली. रोजच्या रामरगाड्यातून बाहेर पडणे, हाच लाभाचा मोठा भाग असावा असा त्याचा अर्थ निघतो. रंकाळ्यावर फिरताना फोनवर धंद्याचीच बोलणी करणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर विचारात घ्यावा. मात्र आरामाने मन शांत होत असले तरी उत्साह फारसा वाढत नाही, आणि व्यायामाचे वेगळेपण बहुधा तिथेच आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट थेयर यांनी १९८७ मध्ये दहा मिनिटांचे भरभर चालणे आणि गोड खाणे यांची तुलना केली. चालल्याने तरतरी वाढली आणि ती बराच वेळ टिकली. गोड खाल्ल्यानंतर तासाभराने उलट ताण वाढलेला आढळला.

किती जोर लावला यावर अनुभव बदलतो, आणि ते समजून घ्यायला पन्हाळ्याचा रस्ता चांगला आहे. गड शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आणि शहरापेक्षा जवळजवळ ४०० मीटर उंच आहे. वडणगे फाटा, केर्लीपर्यंत सायकल निवांत चालते, सोबत्याशी गप्पा मारता येतात. हा मध्यम श्रमाचा पट्टा, आणि यात बहुतेकांना सायकल चालवतानाच बरे वाटते. पुढे चढ लागला की श्वास वाक्य पुरे होऊ देत नाही. व्यायामाच्या मानसशास्त्राचे अभ्यासक पँटेलेमॉन एक्केकाकिस यांच्या अभ्यासांनुसार दम लागण्याची ही मर्यादा ओलांडली की जवळजवळ सगळ्यांनाच चालू क्षणी वाईट वाटू लागते, मग माणूस कितीही सरावलेला असो. गंमत म्हणजे थांबताच मन झपाट्याने वर येते. वाघबीळचा चढ शिव्या घालत चढलेला माणूस गडावर चहा पिताना पुढच्या रविवारचा बेत ठरवतो तो यामुळेच. नवख्याला मात्र ती मधली वाईट मिनिटेच लक्षात राहतात. ज्याला व्यायामाची गोडी लावायची आहे त्याला पहिल्याच दिवशी घाटात नेणे म्हणून शहाणपणाचे नाही. बोलता येईल एवढ्याच वेगाने काही आठवडे काढणे बरे.

सोबतीचाही वाटा असतो. ऑक्सफर्डमध्ये २०१० साली वल्हेकऱ्यांवर झालेल्या प्रयोगात, तेवढीच मेहनत एकट्याने करण्यापेक्षा एका तालात सर्वांनी मिळून केली तेव्हा वेदना सोसण्याची ताकद (एंडॉर्फिन सुटल्याची ही खूण मानतात) अधिक वाढली. वस्तादाच्या गणतीवर तालमीत रांगेने निघणाऱ्या बैठकांना हे कितपत लागू पडते, हे कोणी तरी मोजून पाहण्यासारखे आहे.

नैराश्यावर उपचार म्हणूनही व्यायामाचा अभ्यास झाला आहे. ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लूमेंथल यांच्या चमूने १९९९ मध्ये पन्नाशीपुढच्या १५६ रुग्णांवर केलेल्या चाचणीत १६ आठवड्यांनंतर व्यायामाचा गट आणि सर्ट्रालिन हे औषध घेणारा गट जवळपास बरोबरीत आले. २०२४ मध्ये २१८ चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. त्यात चालणे-धावणे, योगासने आणि ताकदीचे व्यायाम उपयुक्त दिसले. तरीही अशा चाचण्यांत एक उणीव कायम राहते: आपण व्यायाम केला की नाही हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढणे कठीण जाते. चालू औषध डॉक्टरांना न विचारता बंद करून सायकल धरणे धोक्याचे आहे.

अति मेहनतीने उलटा परिणाम होतो. विश्रांतीशिवाय आठवडेच्या आठवडे सराव वाढवणाऱ्या खेळाडूंत थकवा, उदासी आणि निद्रानाश दिसतो. सवय लागलेल्यांना खंडही जाचतो. पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी केर्लीजवळ रस्त्यावर आले की पन्हाळ्याची वाट बंद होते, आणि घरात अडकलेला सायकलस्वार कुटुंबीयांना नकोसा होतो. अमेरिकी संशोधक फ्रेडरिक बेकलँड यांनी १९७० मध्ये याचाच अभ्यास करायचे ठरवले. रोज व्यायाम करणाऱ्यांनी महिनाभर तो बंद ठेवावा, यासाठी ते पैसे द्यायला तयार होते, पण तसे लोक काही मिळेनात. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर त्यांना भागवावे लागले. झोप बिघडल्याची आणि बेचैनी वाढल्याची तक्रार या लोकांनीही केलीच.